चार पावलं पुढे, हात वर

२ नोव्हेंबर, रविवार. सकाळी ११.

भुसावळच्या यार्ड क्लबकडून ५-१ हरलो. मैत्रीचा सामना होता, त्यामुळे धरायचा नाही.

तरी कारणं लिहून ठेवतो. एक, दिवाळीचा फराळ अजून अंगात आहे. दोन, जळगावातल्या मेहरूणच्या मैदानाला आमच्या गोलकडे उतार आहे. (मध्यंतरानंतर बाजू बदलल्यावर तो उतार कुठे गेला ते कळलं नाही.) तीन, अखिल. हा त्यांचा फॉरवर्ड. वयोगटाचं नाव 'चाळिशीपार' आणि माणूस आणतात ऑगस्टमध्ये चाळीस पूर्ण झालेला. पाचपैकी चार गोल त्याचे. चारही वेळा माझ्या डाव्या बाजूने गेला.

मी एक्कावन्न. रविवार इलेव्हनचा अकरा वर्षं कॅप्टन, त्याआधीपासून डिफेन्सच्या मधोमध. डिफेन्सचा खांब आहे मी. खांबाने पळायचं नसतं हे टीमला समजत नाही.

घरी आलो तेव्हा हिने विचारलं किती झाले. आम्ही एक केला, असं सांगितलं. तिने गरम पाण्याची पिशवी आणून गुडघ्याखाली ठेवली.

१४ डिसेंबरला धुळ्याची स्पर्धा. नऊ वर्षं जातोय, कप एकदाही नाही. यंदा काहीतरी मॉडर्न करायला हवं.

संकल्प : रोज सकाळी तीन किलोमीटर.

४ नोव्हेंबर, मंगळवार. दुपार.

तीन किलोमीटर रद्द. गरजच उरली नाही. उपाय सापडला.

ऑफसाइड ट्रॅप.

गिऱ्हाईक नव्हतं, दुकानात मोबाइलवर सलग सात व्हिडिओ पाहिले. युरोपातल्या मोठ्या टीम आता हेच करतात. समोरचा पास द्यायला पाय उचलतो त्या क्षणी डिफेन्सच्या चौघांनी एकदम पुढे सरकायचं. फॉरवर्ड मागे एकटा उरतो. त्याच्या आणि गोलच्या मध्ये फक्त गोलकीपर. झाला ऑफसाइड. कितीही पळू दे, गोल धरत नाहीत.

म्हणजे अखिलच्या मागे धावायचंच नाही. चार पावलं पुढे, हात वर, संपलं. ज्याने शोधलं त्याचा गुडघा नक्की दुखत असणार.

काउंटरवर कुलुपं मांडून दोनदा करून पाहिलं. चार पितळी कुलुपं म्हणजे आम्ही, एक लोखंडी म्हणजे अखिल. कुलुपं अप्रतिम सरकली. धुरपदाबाई दाराची बिजागरी बदलून घ्यायला आल्या होत्या. बराच वेळ बघत उभ्या राहिल्या आणि यातलं माझ्या कामाचं कुठलं, असं विचारलं. सामान्य माणसाला डावपेच समजावणं अवघड असतं.

नियमांची पीडीएफ डाउनलोड केली. पाच पानं वाचली. बाकी कॉमन सेन्स आहे.

९ नोव्हेंबर, रविवार. सकाळी १०.३०.

पहिला सराव. सविस्तर लिहितो, कारण पुढे कुणी विचारलं तर हाताशी असावं.

आमचा डिफेन्स : उजवीकडे छगन. यावलकडून केळी भरून ट्रक लावतो. आवाज मोठा, पोट त्याहून मोठं. डावीकडे ललित, एलआयसी एजंट, एकेचाळीस, त्यामुळे चपळ. मध्ये मी आणि तोताराम. तोताराम एसटीत कंडक्टर, मूळचा पारोळ्याचा. बावीस वर्षं आम्ही दोघं शेजारी शेजारी खेळतोय. गोलमध्ये दीपक. तो शाळेत गणित शिकवतो आणि प्रत्येक गोष्टीत शंका काढतो.

मी खडूने फळ्यावर समजावलं. सगळ्यांना पटलं. पळायचं नाही म्हटल्यावर छगनला तर फारच पटलं.

इशारा काय द्यायचा यावर वीस मिनिटं गेली. शेवटी 'उठा' ठरलं. मी 'उठा' म्हणायचं, सगळ्यांनी पुढे यायचं.

दीपकने विचारलं, 'उठा' म्हणणारा माणूस स्वतः किती वेगाने उठणार? असले प्रश्न गणितात ठीक आहेत.

तोतारामने एवढंच विचारलं, "भाऊ, तू बी येशी ना पुढे?"

बावीस वर्षांनी हा प्रश्न. नोंद करून ठेवली आहे.

पंधरा वेळा केलं. एकदाही रेषा सरळ आली नाही. टीमला वेळ लागेल.

१२ नोव्हेंबर, बुधवार.

दोरी. उत्तर दोरी आहे.

व्हिडिओत एका परदेशी कोचने चौघांच्या कमरेला दोरी बांधली होती. एकजण मागे राहिला की दोरी ताणते आणि गुन्हेगार लगेच सापडतो. कल्पना साधी, पण करणाराच करतो. दुकानातून पिवळ्या नायलॉनची दोरी काढली. मोजून प्रत्येकामध्ये चार मीटर.

ही म्हणाली, आधी डॉक्टरांना दाखवून या. सहा वर्षांपूर्वी गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा त्यांनी चालायला सांगितलं होतं, खेळायला नव्हे. मी म्हटलं, म्हणून तर हे तंत्र घेतलंय. यात चालणंच आहे.

१६ नोव्हेंबर, रविवार. दुपारी १२.

दोरीचा प्रयोग झाला. निष्कर्ष संमिश्र.

मी 'उठा' म्हटलं. छगन आणि ललित सुटले. दोरी ताणली. छगन बसला. बसला म्हणजे एकदम बसला, आणि त्याच्याबरोबर मीही. मैदानाच्या कडेला चालायला आलेली माणसं थांबून बघायला लागली.

दुसऱ्यांदा, तेच. तिसऱ्यांदाही दोरी माझ्याच कमरेला काचली. साहजिक आहे. मी मध्ये असतो, दोन्हीकडचा ताण माझ्यावर येतो. पुलाचा भार मधल्या खांबावर येतो तसंच. दीपकने सांगायचा प्रयत्न केला की ताण मागच्या माणसावर येतो, मधल्यावर नाही. त्याला गोलमध्ये जायला सांगितलं.

एक गोष्ट मात्र लक्षात आली. चौथ्यांदा केलं तेव्हा माझ्या आणि तोतारामच्या मधली दोरी सैल होती. का? कारण तोताराम पुढे गेलाच नाही. दोन पावलं टाकली आणि माझ्याकडे बघत परत आला. म्हणजे ट्रॅप कुणामुळे फसतोय ते दोरीने दाखवलं. वाईट वाटलं, पण दोरी खोटं बोलत नाही.

कमरेला वळ उठलाय. हिला दाखवला नाही.

१९ नोव्हेंबर, बुधवार. सकाळ.

जिना उतरताना गुडघ्यात कट्ट असा आवाज आला. हवामान बदलतंय.

संकल्प : तोतारामशी मोकळेपणाने बोलायचं. रविवारी.

२३ नोव्हेंबर, रविवार. संध्याकाळ.

भुसावळला जाऊन खेळलो. ६-२. मागच्या वेळी एक गोल केला होता, आज दोन. सुधारणा दुप्पट.

ट्रॅप सात वेळा लावला. ऑफसाइड मिळाला शून्य वेळा. लाइन्समन त्यांचाच, यातच सगळं आलं. एकदा तर अखिल आमच्या मागे सरळ सरळ एकटा उभा होता. मी हात वर केला, थांबलो, आणि त्याने गोल केला. पंच म्हणाले, थ्रो-इनवर ऑफसाइड नसतो काका. हा नियम कदाचित सहाव्या पानावर असेल.

'काका' म्हणायची गरज नव्हती. पंच पस्तिशीचा होता.

पलकला शूटिंगला नेलं होतं. माझी मुलगी, एमएस्सीला आहे, संख्याशास्त्र. दोन तास उन्हात उभी राहून सगळा सामना मोबाइलवर घेतला. आता पुरावा आहे. लाइन्समनचा निकाल लावतो.

तोतारामशी बोलणं झालं नाही. परत येताना गाडीत तो माझ्या बाजूला बसला आणि माझा पाय सरळ ठेवता यावा म्हणून स्वतःची बॅग मांडीवर घेतली. अशा वेळी विषय काढता येत नाही.

२४ नोव्हेंबर, सोमवार. संध्याकाळी ७.

पलकने सहाही गोल थांबवून थांबवून दाखवले. टीव्हीवर दाखवतात तशी प्रत्येक चित्रावर लाल रेघ मारली, आमच्या सगळ्यात मागच्या माणसाच्या पायातून.

सहाही वेळा रेघ नी-कॅप घातलेल्या पायातून गेली.

टीममध्ये नी-कॅप मी एकटाच घालतो हे खरं आहे. पण मोबाइल तिरपा धरला की रेघही तिरपी जाते. पलक म्हणाली, तिने मैदानाच्या पांढऱ्या पट्ट्यांवरून कोन काढलाय. हल्ली कॉलेजात काय शिकवतात कळत नाही.

मी तिला माझं निरीक्षण सांगितलं. माझ्या दोन पावलं पुढे, सहाही वेळा, कोण आहे? तोताराम. छगन आणि ललित कुठल्या कुठे वर गेलेत आणि हा माझ्याजवळ रेंगाळतोय. सीनियर माणूसच असा मागे राहिला तर शेजारच्याचा वेग मारला जाणारच.

तिने सहाही चित्रं पुन्हा एकदा पुढे-मागे केली. मग म्हणाली, पप्पा, तोतारामकाका बॉलकडे बघतच नाहीत, तुमच्याकडे बघतात.

हेच मी म्हणतोय. लक्ष नाही.

३० नोव्हेंबर, रविवार. दुपार.

तोतारामला टीममधून काढलं.

'काढलं' हा शब्द मी वापरला नाही. 'रोटेशन' म्हणालो. सराव संपल्यावर चहाच्या टपरीवर बाजूला घेतलं. मॉडर्न फुटबॉलमध्ये रोटेशन असतं, नवीन माणसाला संधी द्यावी लागते, यात व्यक्तिगत काही नाही, असं सगळं पाठ करून गेलो होतो. तिसऱ्या वाक्यातच त्याच्या लक्षात आलं.

तो म्हणाला, "बरं."

मग चहा संपवला. मग म्हणाला, त्याने १४ तारखेची सुट्टी आधीच टाकली आहे. रविवारची सुट्टी मिळत नाही, दोघांशी ड्युटी बदलून घेतली. आता घेतलीच आहे तर आदल्या दिवशी पारोळ्याला जाईल. आपली गाडी तिथूनच जाते. "पानीना जार मी लई येसू. बठ्ठासले पुरतीन."

सगळ्यांचं पाणी तोच आणणार. मी म्हटलं, उत्तम.

नेतृत्व म्हणजे कठोर निर्णय. दुपारी आडवा झालो, पण डोळा लागला नाही. टपरीवर चहा फार उकळतात.

३ डिसेंबर, बुधवार.

नवीन माणूस : अर्हम. बेचाळीस, दातांचा डॉक्टर, माझ्या मावसभावाचा जावई. मॅरेथॉन पळतो. सांगितलेलं लगेच ऐकतो. त्याला फोनवर पाच मिनिटांत सगळं समजलं. बावीस वर्षांत तोतारामला समजलं नाही ते.

७ डिसेंबर, रविवार. सकाळी ११.

आपसात खेळलो. ट्रॅप लावला. अर्हम बाणासारखा पुढे गेला. छगन, ललित, अर्हम, तिघं एका रेषेत. सुंदर.

पुढे लिहायचा कंटाळा आलाय, पण लिहितो. आपसातले फॉरवर्ड आहेत ते दुकानदार आणि मास्तर लोक. तरी नऊ गोल झाले. दर वेळी मी वळून बघायचो तर मागे कुणीच नसायचं. नेहमी असतं असं वाटायचं. आज लक्षात आलं की बावीस वर्षांत मी मागे वळून कधी बघितलंच नव्हतं. बॉल माझ्या बाजूने गेला की पुढे तो कुठेतरी अडायचा. आपोआप अडतो असा माझा समज होता.

अर्हमची ॲडजस्टमेंट व्हायला वेळ लागेल.

घरी आल्यावर हिने विचारलं, तोतारामभाऊ आज दिसले नाहीत? रोटेशन, म्हटलं. ती म्हणाली, ऑपरेशन झालं तेव्हा त्यांनी बारा दिवस दवाखान्यात डबा पोचवला होता. मी म्हटलं, डब्याचा आणि ऑफसाइडचा काय संबंध. ती आत गेली.

१३ डिसेंबर, शनिवार. सकाळ.

उद्या धुळे. तयारी पूर्ण. नी-कॅप दोन. स्प्रे. फळा, खडू. दोरी घेतली नाही.

१४ डिसेंबर, रविवार. दुपारी २. धुळे.

मैदानाच्या कडेला झाडाखाली बसून लिहितोय.

सकाळी सहाला जळगाव सोडलं, शूटिंगसाठी पलकही बरोबर. पारोळ्याला बायपासवर तोताराम उभा होता. दोन जार, एक भाकरीचं गाठोडं, बायकोने केलेला ठेचा. माझ्याशी नेहमीसारखंच बोलला. तेच जास्त त्रासाचं होतं.

स्पर्धेत तीन संघ. आम्ही, भुसावळ आणि यजमान पांझरा क्लब. पहिला सामना, धुळे विरुद्ध भुसावळ, ०-०. दुसरा आमचा धुळ्याशी. १-० जिंकलो. गोल त्यांच्याच माणसाने त्यांच्याच गोलमध्ये मारला, पण आमच्या दडपणामुळे.

म्हणजे आता भुसावळशी नुसती बरोबरी झाली तरी कप आमचा. नऊ वर्षांत पहिल्यांदा. छगन नुसता पाणी पितोय. दीपकने गणित तीनदा करून पाहिलं, तीनदा तेच आलं.

चारला सामना. पंच धुळ्याचे वना सर. निवृत्त पी. टी. शिक्षक, सत्तरीचे, नियम तोंडपाठ. चांगलं आहे. असा माणूस असला की ट्रॅपला न्याय मिळतो.

१४ डिसेंबर. संध्याकाळी ६. गाडीत.

झालं ते क्रमाने लिहितो.

शेवटची तीन मिनिटं उरली होती. १-१. बॉल भुसावळकडे, मैदानाच्या मध्यावर. मी 'उठा' म्हणालो. खरं सांगायचं तर ललित आधी म्हणाला, मी नंतर. तिघंही निघाले. छगन, अर्हम, ललित. मी पेनल्टी बॉक्समध्ये होतो. निघायचं ठरवलं आणि गुडघा म्हणाला, नको.

त्या वेळी मला सगळं स्वच्छ दिसलं. तिघं वर एका रेषेत. अखिल त्यांच्या मागे, किमान सहा पावलं. ऑफसाइड नक्की. अडचण एकच, मी. मी मैदानात मागे आहे तोवर तो ऑनसाइड.

मग मी मैदानातच नसलो तर?

हे मला सुचलं. अकरा वर्षांच्या कॅप्टनशिपमधली सगळ्यात चांगली कल्पना. पुढे जायला वेळ नव्हता, पण मागची रेषा चार पावलांवर होती. मी मागे वळलो, चालत गोलपोस्टच्या बाजूने रेषेबाहेर गेलो, आणि तिथे उभं राहून हात वर केला.

अखिलने बॉल घेतला. छगन, अर्हम, ललित तिघांचेही हात वर. दीपकही थांबला. अखिल स्वतः क्षणभर थांबला, त्यालाही वाटलं शिट्टी होईल. झाली नाही. त्याने दीपकच्या बाजूने बॉल हळूच आत ढकलला.

वना सरांनी गोल दिला. मी रेषेबाहेरूनच विचारलं, सर, मी बाहेर आहे.

ते चालत माझ्यापर्यंत आले. शांतपणे म्हणाले, परवानगीशिवाय बाहेर गेलेला डिफेन्डर गोलरेषेवर उभा आहे असंच धरतात. तुम्ही आत असता तरी तेच, बाहेर गेलात तरी तेच. आणि मुद्दाम बाहेर गेल्याबद्दल हे. पिवळं कार्ड.

मग मान जरा वाकडी करून म्हणाले, चाळीस वर्षांत हे पहिल्यांदा बघितलं.

२-१. कप भुसावळ.

मला खिडकीची जागा दिली आहे. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. पारोळ्याला तोताराम उतरला नाही, उद्या सकाळची ड्युटी आहे म्हणाला. मागच्या सीटवर रिकामे जार धरून बसलाय.

१५ डिसेंबर, सोमवार.

स्पर्धा समितीला पत्र लिहायला घेतलं. मुद्दे : (१) हा नियम न्याय्य नाही. (२) जो माणूस मैदानात नाही त्याला मैदानात धरणं तर्काला सोडून आहे. (३)

तिसरा मुद्दा सुचला नाही.

पलकने कालच्या गोलचं चित्र रेघ मारून दाखवलं. मी मागितलं नव्हतं. तिघांचे पाय एका रेषेत, दोन बोटांचाही फरक नाही. अखिल सहा पावलं पलीकडे. सहा आठवड्यांत ट्रॅप पहिल्यांदा बरोबर लागला होता. चित्राच्या कोपऱ्यात, गोलच्या जाळीशेजारी, एक माणूस हात वर करून उभा.

डिलीट कर म्हटलं. तिने केलं. लगेच केलं, वाद न घालता.

पत्र फाडलं.

१७ डिसेंबर, बुधवार. दुपार.

बसस्टँडवर गेलो होतो. तोतारामची यावलची गाडी साडेबाराला लागते. ती लागायच्या आधी तो फलाटामागच्या बाकावर डबा खातो, हे मला माहीत आहे.

काय बोलायचं ते या वेळी पाठ केलं नव्हतं. शेजारी बसलो. त्याने डबा मध्ये सरकवला. वांग्याची भाजी होती. थोडी खाल्ली.

मग विचारलं, तू किती वर्षं असा मागे थांबतोयस?

तो विचार करून म्हणाला, "सहा वरीस व्हयनात. तुन्हा गुडघा कापा, तईपासून."

म्हटलं, सांगितलं का नाहीस?

"तुले वाईट वाटी म्हनीसन." भाकरीचा तुकडा मोडला. "तू मांगे ऱ्हास, मंग मी बी ऱ्हास. त्यामा काय सांगानं?"

बाकीच्यांना माहीत आहे का, असं विचारलं. तो हसला नाही. म्हणाला, "बठ्ठासले माहीत शे, भाऊ."

ड्रायव्हरने हॉर्न दिला. त्याने डबा बांधला, तिकिटाचं मशीन गळ्यात अडकवलं. मी म्हटलं, रोटेशन संपलं, रविवारी ये. तो म्हणाला, छगनचा फोन आला होता, येणार आहे. छगन तुलाही भेटणार आहे.

छगनने त्याला आधी फोन केला. मला नाही.

बस निघताना त्याने दारातून पायाकडे बोट दाखवलं आणि हाताने हळू जा अशी खूण केली. मी हळूच गेलो. दुसरा पर्याय नव्हता.

१८ डिसेंबर, गुरुवार.

छगन दुकानात आला. केळीचा अख्खा घड घेऊन. घड बघितला तेव्हाच समजलं.

टीमने ठरवलंय. कॅप्टन तोताराम. मध्ये तोताराम आणि अर्हम. माझ्याबद्दल सगळ्यांना आदर आहे, छगनने हे चार वेळा सांगितलं. आणि प्रत्येक संघाने आपला एक लाइन्समन द्यायचा असतो, तर त्यासाठी ऑफसाइडचा अभ्यास असलेला माणूस आपल्याकडे एकच आहे.

मी विचार करून सांगतो म्हणालो. तो गेल्यावर विचार केला. तसं बघितलं तर हे प्रमोशन आहे. अकरा जणांचं लक्ष माझ्या हाताकडे. नियमांची पीडीएफ पूर्ण वाचून काढली, सगळी पानं. बाहेर गेलेल्या डिफेन्डरचा नियम अकराव्या कलमात आहे. स्वच्छ लिहिलंय.

ही म्हणाली, लाइन्समनला पळावं लागत नाही ना? नाही म्हटलं. रेषेच्या कडेने थोडं चालायचं असतं.

२१ डिसेंबर, रविवार. सकाळी ११.३०.

मेहरूणला भुसावळशी सामना. पंच यावलचे एक सर, ओळखीचे नाहीत.

हातात झेंडा, बाहेरची बाजू. लाइन्समनने नेहमी डिफेन्सच्या रेषेत राहायचं असतं. ते वर गेले की वर, मागे आले की मागे. हे कुणी मला सांगितलं नव्हतं. म्हणजे पीडीएफमध्ये होतं, पण वाचणं वेगळं.

तोताराम आज मोकळा खेळला. शेजारी अर्हम. 'उठा' तोच म्हणायचा, बारीक आवाजात, आणि चौघं एकदम पुढे. मी बाहेरून बघत होतो. एवढ्या वेगाने पुढे जाताना मी त्याला बघितलं नव्हतं. पन्नाशीच्या माणसाने इतकं पळणं बरं नाही, असं मनात आलं. मग लक्षात आलं, सहा वर्षं त्याला हे करताच आलं नव्हतं.

तीन वेळा ऑफसाइड मिळाले. तिन्ही वेळा झेंडा मी वर केला. तिन्ही वेळा मी रेषेत पोचलेलो नव्हतो, दहा-पंधरा पावलं मागे होतो. तोतारामचा हात वर गेलेला बघितला आणि झेंडा उचलला. चुकीचं नसणार. तो खोटा हात वर करत नाही.

शेवटचं मिनिट, ०-०. लांबून पास आला. चौघं पुढे सरकले. अखिल त्यांच्या मागे सुटला आणि बॉल जाळीत. तोतारामचा हात वर. मी झेंडा वर केला.

भुसावळवाले पंचांकडे धावले. पंच खेळ थांबवून माझ्याकडे आले. लाइनपासून मी कुठे उभा आहे ते आधी बघितलं. मग हळू आवाजात विचारलं, पास निघाला तेव्हा तो ऑफसाइड होता, हे तुम्ही बघितलं का?

तोताराम तिकडे उभा होता, कमरेवर हात ठेवून. बाकीचे दहा जणही. एक 'हो' म्हटलं असतं तर सामना बरोबरीत सुटला असता. बहुधा ते खरंही असतं.

मी झेंडा खाली घेतला.

म्हटलं, नाही बघितलं, सर. मी मागे राहिलो होतो.

त्यांनी मान हलवली आणि गोल दिला. १-० हरलो.